मथुराक्काचं विरजण

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि मला एक सांगा. माणूस सुखी कशानं होतो? स्वभावानं? हसरा तो सुखी, किरकिऱ्या तो दुःखी — असंच ना? डोलल्या माना! थांबा. एका किरकिऱ्याचीच गोष्ट ऐका, मग डोला.

कासारगल्लीत नामाजी कासार राहायचा. बांगड्या भरण्यात हात मऊ, बोलण्यात जीभ तिखट! देवळातला प्रसाद खाऊनसुद्धा म्हणायचा, "साखर कमी आहे." शेजारच्या येसाबाईशी शेवग्याच्या एका फांदीवरून भांडला, तेव्हापासून तिच्या दाराची पायरी चढेना. वर्षं गेली! फांदी वाळून पडली, भांडण मात्र हिरवंगार. हसू नका, तुमच्या गल्लीत नाही का असं?

त्याची बायको मथुरा. रोज संध्याकाळी दूध विरजायची. ती गेली, आणि त्या दिवसापासून हे काम नामाजीनं घेतलं. दूध कोमट करायचं, बोट बुडवून बघायचं, कालच्या दह्याचा चमचा फिरवायचा, झाकण ठेवायचं. सकाळी झाकण उघडून म्हणायचा, "आंबट झालं!" आणि तेच दही भातावर चापायचा.

सून वैजयंता, गुणी पोर. तिला वाईट वाटलं. "मामंजी, या वयात चुलीपाशी कशाला? बसा आरामात. मी पिशवीतलं दही आणते." आणि उरलेल्या दह्याची तिनं केली कढी. सगळ्या दह्याची! विरजणाला चमचाभरही मागे ठेवलं नाही.

नामाजी काही बोलला नाही.

अहो, प्रसादाला नावं ठेवणारा माणूस — आणि बोलला नाही! तिथंच ओळखायला हवं होतं. जेवण तुटलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मुलगा म्हणाला, "स्वभावच तसा त्यांचा." पण स्वभाव काल नव्हता का? अंगावरचं मांस उतरलं, वैजयंता घाबरली. म्हातारा हातचा जातो की काय!

एका दुपारी येसाबाई कुंपण ओलांडून आली, ताकाचं भांडं घेऊन. "भावजी, घोटभर घ्या. मथुराक्काच्याच विरजणाचं आहे."

भिंतीकडचं तोंड वळलं. "कुणाच्या?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा तिनंच दिलं होतं. तेव्हापासून मोडू दिलं नाही मी."

ती गेली. नामाजी उठून बसला. दार दिसत होतं, उन्हं उतरत होती. आता पेच बघा! दिवा लागल्यावर घरातलं विरजण कुणी देत नाही, ही आपली रीत. आणि जायचं कुठं? तर त्याच पायरीवर! उद्या जाऊ म्हणावं, तर उद्या उठवेल का, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटी वाटी घेतली, भिंतीला धरून धरून गेला.

"येसे, चमचाभर विरजण दे."

"देते. आणि शेवगा कुणाचा?"

"माझाच!"

"तुमचाच," ती म्हणाली, आणि डोळे पुसत वाटी भरली.

घरी येऊन नामाजी ओरडला, "सूनबाई! एवढं कडकडीत दूध? दही लावायचंय की पाय शेकायचेत?" वैजयंतेला रडू फुटलं, आनंदानं! मामंजी रागावले, म्हणजे मामंजी परत आले.

सकाळी झाकण उघडलं. दही लागलं होतं. नामाजीनं चाखलं, म्हणाला, "आंबट आहे," आणि दुसऱ्यांदा भात मागितला.

सुधारला का स्वभाव? छे! हसरा असता तर मलाही बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू? हसऱ्याचं ओझं हलकं असतं, हे खरंच. पण किरकिऱ्यालाही जगवतं ते हेच — चमचा फिरवायचा, झाकण ठेवायचं आणि उद्या सकाळ होणार असं धरून चालायचं. आशा म्हणतात ती हीच! आणि तो चमचा आपल्या हातात असावा लागतो, बरं का.

आता तुम्ही घरी जाल. कुणाला तरी मायेनंच म्हणाला असाल, "तुम्ही बसा आता, आम्ही करतो." आठवा, त्यांच्या हातातून काय काढून घेतलंत. उद्या दिवेलागणीच्या आत परत द्या.