टिबुकलीचं नाव

हॅलो?… हॅलो, नवशीताई? मी मयुराबाई बोलतेय, शाळेतून… हो, हो, तुझ्या लेकीच्या, रूपीच्या वर्गाच्या बाई… नाही, नाही, तिची तक्रार नाही. तक्रार माझीच आहे, म्हणजे… अगं ऐक ना.

रूपी कुठेय?… तळ्यावर? आजपण?… म्हणजे पाच दिवस झाले… अच्छा, तूपण तिथेच. जाळं घेऊन पाण्यात उभी? मग नंतर करते… नको, नको, ठेवू नकोस. आत्ता बोलले नाही तर परत धीर नाही व्हायचा.

शाळेत का येत नाही, काय सांगितलं तिनं?… पोट दुखतं?… बस, एवढंच? माझ्याबद्दल काहीच नाही?… अरे देवा. एवढंसं पोर, पण माझी मूठ झाकून ठेवली तिनं.

मग मीच सांगते. त्या दिवशी साहेब आले होते तपासणीला. भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता आहे ना… हो, तुमच्या तळ्यातलीच पाखरं. साहेबांनी विचारलं, टिबुकलीला टिबुकली का म्हणतात? पोरं माझ्याकडे बघायला लागली. मला तरी कुठे ठाऊक? पण साहेबांसमोर कसं कबूल करू? म्हटलं, तिच्या चोचीपाशी पिवळा ठिपका असतो, टिकलीसारखा, म्हणून… हस, हस. हसण्यासारखंच आहे.

तर रूपी उठली. म्हणाली, नाही बाई, ती बुडी मारते तेव्हा पाण्यात टिबुक होतं, म्हणून… हो… तुझी सासूपण तेच सांगते?… अख्खा पाडा? हो गं, असेल.

साहेब नाही हसले. पोरं हसली, आणि मी थांबवलं नाही. वरून म्हटलं, 'पुस्तकात टिकलीच लिहिलंय. तुला जास्त कळत असेल तर तळ्यावरच जाऊन बस.'

…हॅलो? नवशीताई? पाण्यातून बाहेर येतेस?… ये.

काय, खरंच लिहिलंय का?… नाही, पुस्तकात तसं काही नाही. मीच जुळवलं. चिखल्याला घरी जाऊन होती नव्हती ती पुस्तकं चाळली, टिकली कुठेच नाही. लाज वाटते गं. बारा वर्षं तलासरीत शिकवतेय, पण त्या तळ्याच्या काठाला एकदा उभी राहिले नाही. टमटममधून उतरायचं, शाळा, परत टमटम.

सोमवारी परीक्षा आहे, तिला पाठव… तुझं ऐकत नाही? मग तिलाच फोन दे.

रूपी?… मी बाई. बाई खोटं बोलल्या, रूपी. तुझंच बरोबर होतं. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. तू आलीस तरी, नाही आलीस तरी…

काय? गप्प बसू?… का गं?… अच्छा, फोन पाण्याजवळ धरतेस. बरं.

…नाही, नुसता वारा येतोय… थांबते. घाई नाही मला.

…

आलं. रूपी, ऐकू आलं… हो, टिबुक, अगदी तसंच.

उद्या तू सांगशील? खरंच येशील?… फळ्याजवळ उभी राहून? राहा की… आणि मी कुठे बसू?… तुझ्या जागेवर, खाली?

बरं. बसते… हॅलो? रूपी?… ठेवलापण!