दोन बर्नरची शेगडी

न्यूझीलंडमधल्या ट्विझल गावातल्या दुकानात गॅसची रिकामी टाकी घेऊन तामाती रांगेत उभा होता. पुढे सत्तरीची एक बाई आणि तिची लेक शेगड्या बघत होत्या.

"आई, ही छोटी घे ना. गॅसचा डबा खुपसला की पेटते."

"आणि ओहाऊ तलावाकाठच्या मुक्कामात पहाटे गोठायला लागलं की रुसून बसते. त्या डब्यातला गॅसच गारठतो गं. मला प्रोपेनवाली हवी, ती थंडीतही पेटते."

"व्हॅनमध्ये दार लावून शिजवणार नाहीस ना?"

"शेगडी बाहेर, वाऱ्याला आडोसा. तुझ्या जन्माआधीपासून रांधतेय मी, रॉबिन."

"बरं. पण दोन बर्नर कशाला? एकटीला किती लागतं?"

"एकावर मटण, एकावर चहा."

"चहा मागाहून होईल की!"

"कॉलिनला जेवणाआधी लागतो."

तामातीने उगाचच टाकीची चावी तपासली.

"कोण कॉलिन?"

"क्लबात माझ्याबरोबर पत्ते खेळतो तो. तलावावर आठवडाभर राहायला येतोय माझ्यासोबत."

"आई! बाबांना जाऊन चारच वर्षं झालीत."

"चार वर्षं एकटी जेवले ना मी."

"आणि हे मला रांगेत सांगतेस?"

"घरी भांडली असतीस. इथे लोक आहेत."

मागे कुणीतरी खोकलं. रॉबिनने छोटी शेगडी हातात उलटसुलट फिरवली.

"स्वयंपाक सगळा तूच करायचा का मग?"

"छे! मासे साफ करणं आणि भांडी त्याच्याकडे."

रॉबिनने छोटी शेगडी फळीवर परत ठेवली, मोठं खोकं उचलून काउंटरवर आणलं.

"तवाही नवा घे. तुझ्या त्या तव्यात दोघांचं मावायचं नाही."