उजव्या आसनापुढील पत्रा

पोलीस ठाणे, काकुपे. दिनांक २९ जुलै २००९.

नाव सेल्सो बेनेगास, वय ५६ वर्षे, शिक्षण वाणिज्य पदवीधर, व्यवसाय नोकरी (दूध उत्पादक सहकारी संस्थेत हिशेबनीस), राहणार इपाकाराई, रेल्वे स्थानकामागील गल्ली.

मी कोणी न बोलावता स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी तोमासा हिच्यासह राहतो. आमचा एकुलता मुलगा देर्लिस, वय २४, आमच्याजवळच राहत असे. लग्नसमारंभांत व मुलींच्या पंधराव्या वाढदिवसांना ध्वनिक्षेपक लावून देण्याचा त्याचा व्यवसाय होता. दिनांक १९ जुलै रोजी काकुपेच्या उतारावर झालेल्या अपघातात तो मयत झाला. मृतदेह मी ओळखला. त्याबाबत अधिक सांगणे नाही.

सदर गाडीची निवड मी केली होती. देर्लिसला ध्वनिक्षेपकांचा जोडगाडा ओढून काकुपेचा चढ चढावा लागे व त्यासाठी तो दर वेळी भाड्याची गाडी घेई. आमच्याजवळ एक कोटी ऐंशी लाख ग्वारानी, म्हणजे माझा सुमारे नऊ महिन्यांचा पगार, एवढी रक्कम होती. मे महिन्यात आम्ही दोघे सान लोरेन्सो येथील रुफिनो नावाच्या विक्रेत्याच्या आवारात गेलो. देर्लिसला एक लहान ब्राझिली गाडी पसंत होती. तिचे स्टिअरिंग मुळातच डावीकडे होते. मी प्रत्येक गाडीची किंमत तिच्या इंजिनाच्या शक्तीने भागून पाहिली. या हिशेबात एक सहा सिलिंडरची जपानी गाडी सर्वांत स्वस्त पडली. देर्लिस म्हणाला, "पपा, आपण गाडी घेतोय की मटण तोलून घेतोय?" मी त्याला सांगितले की, अशक्त गाडीला पुढच्या वाहनाच्या मागे रखडावे लागते, आणि अपघात रखडण्यात होतात. हे माझे त्या वेळचे मत होते.

ही गाडी चिलीच्या बंदरातून आलेली होती. अशा गाड्यांचे स्टिअरिंग जपानमध्ये उजवीकडे असते आणि येथील नियमानुसार विकण्यापूर्वी ते डावीकडे आणले जाते. म्हणूनच त्या स्वस्त मिळतात. आमच्याकडील निम्म्या गाड्या अशाच असल्याने त्यात मला काही गैर वाटले नाही. या गाडीत ब्रेकचे पेडल डावीकडे आणले होते, परंतु ब्रेकचा दाब निर्माण करणारा भाग उजवीकडेच होता. दोहोंना जोडणारा आडवा दांडा उजव्या आसनापुढून, बसणाऱ्याच्या पायांखालून जात होता. त्यावर चार बोल्टांनी एक जाड पत्रा बसविलेला होता.

रुफिनो याने गार तेरेरे चहाचा पेला माझ्या हातात दिला व पत्र्यावर बूट आपटून दाखविला. तो म्हणाला, "हिशेबनीस साहेब, सगळं काढा, टेप काढा, सीटं काढा, पण हा पत्रा काढू नका. खालच्या दांड्यावर बसणाऱ्याचा पाय पडला तर गाडी जागच्या जागी उभी राहते. आणि लग्न झालेल्यांच्या गाडीत तर हा हवाच. बायका कुठं स्वस्थ बसतात? नवऱ्याच्या आधी त्याच ब्रेक मारतात!" यावर आम्ही तिघेही हसलो. देर्लिस म्हणाला, "मग आईसाठी दोन पत्रे बसवा." व्यवहार त्याच दिवशी पूर्ण झाला.

पत्नीच्या उजव्या गुडघ्यावर मार्च महिन्यात शस्त्रक्रिया झाली आहे. तिला पाय लांब करून बसावे लागते. पत्र्यामुळे पायांची जागा कमी पडत होती व त्याची कड तिच्या घोट्याला लागत होती. दोन-तीन वेळा ती म्हणाली, "म्हाताऱ्या, हे लोखंड काढ, नाहीतर मला डिकीत बसव. तिथं तरी पाय सुटे राहतील." जून महिन्यातील एका रविवारी, देर्लिस कामावर असताना, मी पाना घेऊन पत्रा काढला व त्या जागी एक जाड रबरी चटई अंथरली. येथे अंमलदारांनी प्रथम "पत्रा काढण्यात आला" असे लिहिले होते. माझ्या विनंतीवरून ते दुरुस्त केले आहे. चटईखाली काय आहे हे मी पत्नीस सांगितले नाही. तिने विचारले नव्हते. जागा झाल्याबद्दल ती समाधानी होती. देर्लिसलाही मी सांगितले नाही. पत्रा आजही माझ्या घरी न्हाणीघरामागे आहे व तो मी हजर करण्यास तयार आहे.

अपघाताच्या दिवशी गाडीवर पवित्र पाणी शिंपडून घेण्यासाठी देर्लिस व पत्नी काकुपेच्या माउलीच्या चर्चमध्ये गेले होते. मी घरी होतो. परतताना गाडी देर्लिस चालवत होता व पत्नी उजव्या आसनावर बसली होती. उतारावर विटा भरलेला ट्रक मागून गाडीवर आदळला, गाडी फिरून मोरीच्या कठड्याला धडकली व चालकाची बाजू दबली. पत्नीच्या मनगटाचे हाड मोडले. ट्रकचालक सिन्फोरियानो लेइवा यास पुरेसे अंतर न ठेवल्याबद्दल त्याच दिवशी अटक झाली. पुढील गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही, असे तो म्हणतो. तपासणीत, काचांना तडे गेले असले तरी, दोन्ही दिवे चालू स्थितीत आढळल्याने त्याच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

दफनानंतर आमच्या घरी नऊ दिवस संध्याकाळची प्रार्थना झाली. पत्नी येणाऱ्या प्रत्येकास घडलेले सांगत असे. तिचे शब्द सर्व दिवस सारखेच होते. "आडव्या गल्लीतून एक मोटरसायकल बाहेर आल्यासारखी वाटली. मी डोळे मिटले, पाय ताठ केले आणि माउलीचं नाव घेतलं. एवढंच. मग मागून तो आला." हे ऐकताना मी भेटीस आलेल्यांना कॉफी देत होतो.

सातव्या दिवशी ट्रकचालकाची पत्नी कांदीदा आमच्या फाटकाशी आली. तिच्या हातात चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या रोट्यांची, कपड्यात गुंडाळलेली टोपली होती. तोमासाने तिला आत घेतले नाही. पुढील बोलणे माझ्या समक्ष झाले.

"बाई, मी भांडायला नाही आले. पोराच्या नावानं चार रोट्या घ्या, एवढंच."

"घरी ने. तुझ्या नवऱ्यालाही तुरुंगात भूक लागत असेल."

"तो म्हणतो, दिवा लागलाच नव्हता. तो पिणारा नाही हो, बाई. वीस वर्षं विटाच वाहतोय."

"दिवा लागला नाही म्हणून माणूस मारायचा?"

"त्याला म्हणे गाडी भिंतीवर आपटल्यासारखी थांबलेली दिसली."

"भिंत! माझा मुलगा उतारावर शहाण्यासारखा चालवत होता. जा तू. नाहीतर कुत्रा सोडते."

आमच्याकडे कुत्रा नाही. कांदीदा टोपली फाटकाच्या खांबावर ठेवून गेली. चिपा कोणी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देर्लिसची कागदपत्रे नेण्याची परवानगी घेऊन ठाण्याच्या मागील आवारात गेलो. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी आहे. मी उजव्या आसनावर बसलो, चटईवर दोन्ही पाय ठेवले व जोर दिला. आडवा दांडा दबला, पेडल मात्र जागेवरच राहिले. मागील भिंतीवर तांबडा उजेड पडला नाही. त्यानंतर चालकाच्या बाजूने हात आत घालून मी पेडल दाबले. भिंतीवर उजेड पडला. खात्रीसाठी दोन्ही कृती पुन्हा केल्या व परिणाम तोच आला. दिव्याची कळ पेडलवर बसविलेली आहे, दांड्यावर नाही. सरकारी यंत्रतज्ज्ञाकडून याची पडताळणी व्हावी, अशी माझी विनंती आहे.

ब्रेक कोणी दाबला, हे मी पाहिलेले नाही. मी फक्त पुढील बाबी सांगू शकतो: दांड्यावरील पत्रा मी काढला, चटईखाली दांडा उघडा आहे हे घरात केवळ मला ठाऊक होते, आणि सिन्फोरियानो लेइवा दिव्याबाबत खोटे बोलत असल्याचे मला वाटत नाही. त्याच्यावरील आरोपाचा विचार करताना या बाबी लक्षात घ्याव्यात. माझ्यावर जो आरोप होईल त्याबाबत माझी तक्रार राहणार नाही.

हे पत्नीस ठाऊक आहे काय, असे मला विचारण्यात आले. नाही. तिला पायांच्या स्थितीबाबत प्रश्न विचारू नयेत, असे मी म्हणालो. तसे वचन देता येत नाही, असे अंमलदारांनी सांगितले. ते नियमास धरून आहे हे मी जाणतो. तरीही मी विनंती केली होती, याची नोंद असावी.

जबाब देणाऱ्यास तो मोठ्याने वाचून दाखविण्याची येथे पद्धत आहे. तसे करू नये, असे मी सांगितले. देर्लिसचे घड्याळ व बूट ताब्यात घेण्यासाठी आज पत्नीही माझ्याबरोबर आली आहे व या खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसली आहे. दार पूर्ण लागत नाही. म्हणून जबाब मी हलक्या आवाजात सांगितला व नंतर मनात दोन वेळा वाचला.

मी वाचत असताना तिने बाहेरून विचारले, "म्हाताऱ्या, झालं का? त्या ड्रायव्हरचं सगळं नीट लिहून दिलंस ना?" मी, "हो, सगळं लिहून दिलं," असे उत्तर दिले. सही होण्यापूर्वी बोललेले असल्याने तेही माझ्या सांगण्यावरून येथे घेतले आहे.

वरील सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणेच आहे. तो खरा व बरोबर आहे.

(सही) सेल्सो बेनेगास