मामा माईकवर, मुहूर्त वाऱ्यावर

...न्हाई, मला सांगा, ह्या बॅलन्सचं खूळ आनलं कुनी? मोबाईलात हुता तवर बरा हुता, संपला की गप पडायचा. आता टायरवाला म्हनतो चाकाचं बॅलन्सिंग करा, डॉक्टर म्हनतो बॅलन्स डाएट घ्या, अन् आमच्या अश्विनीचा सुप्याच्या कंपनीतला साहेब, दिवसभर राबवून घेतो अन् चहाच्या सुट्टीत वर्क-लाईफ बॅलन्सवर भाषन देतो... पन ह्या सगळ्यांचा बाप म्हंजी माझा मेव्हना, काकासाहेब.

तुमाला सांगतो, माझ्या थोरल्या पोरीचं, अश्विनीचं लगीन. शेवगावला मंगल कार्यालय, मुहूर्त साडेबाराचा. पोरगी सकाळपासून उपाशी, कारन अक्षता पडल्याबिगर नवरीनं जेवायचं न्हाई. अन् मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. मामा कुठं? माईकवर. सत्कार करतोय. वरच्या आळीचे पुढारी आबा, त्यांना फेटा, शाल, नारळ. म्हनलं, "बास आता, चल." तर म्हनतो कसा, "दाजी, त्यांच्या इरोधातले खालच्या आळीचे नाना वाटंत हायत. आबांचा केला अन् नानांचा न्हाई? बॅलन्स नको का?"

नाना आले मुहूर्त टळल्यावर. त्यांना फेटा, शाल, नारळ. मग नानांचं आशीर्वादाचं भाषन, त्यात नवरा-नवरीचं नाव सोडून कारखान्याच्या इलेक्शनपर्यंत सगळं. ते बसत्यात तोवर आबा उठले. आता आबांना खाली कसं बसवायचं? बॅलन्स नको का? तिकडं भटजी जांभया देतोय, अन् व्याही माझ्याकडं असा बघतोय जशी मी त्याची म्हैस सोडून नेली.

तेवढ्यात अश्विनीला आली चक्कर. आबांकडचा एक डॉक्टर धावला, साखरपानी द्या म्हनला. तर ह्या मामानं काय करावं? भाचीला धरायचं सोडून माईकवर पुकारा, "नानांकडचे कुनी डॉक्टर असतील तर त्यांनीबी स्टेजवर यावं." काय म्हनावं ह्या मानसाला? डोकं हाय का खोकं?

साखरपानी पिऊन पोरगी उठली, मुंडावळ्या सावरल्या अन् सरळ माईक काढून घेतला त्याच्या हातातनं. "मामा, पाठीशी उभा राहतोस का मी एकटीच लावून घेऊ?" आबाबी बसले, नानाबी बसले. लागलं एकदाचं लगीन. माझ्या डोळ्याला पानी आलं, खोटं कशाला सांगू... पन टाकायला हातात अक्षता न्हाईत, लोकांनी कंटाळून भाषनातच उधळल्या हुत्या.

एवढं करून आबा चिडले, की नानांना जास्त येळ बोलू दिलं. नाना चिडले, की आपला सत्कार मागून केला. दोघंबी न जेवता गाडीत बसून गेले. अन् काकासाहेब पानाला चुना लावत म्हनतो, "दाजी, दोघं सारखेच नाराज हायत. बॅलन्स राहिला."

बायको म्हनती, माझ्या भावाला काय बोलायचं न्हाई. न्हाई बोलत. पन धाकटी अजून उजवायची हाय... अन् तिला दुसरा मामा कुठनं आनू?