गेंडा छाप बिघडत नाही

—नाही हो, तुमची काहीतरी गल्लत होतेय, गेंडा छाप मिक्सर आणि बिघडला? उभी हयात या टेबलावर मिक्सर उघडण्यात गेली माझी, पण गेंडा आजवर दुरुस्तीला आला नाही. एकदाही नाही! बाकीच्यांचं मला सांगू नका, सगळ्यांची पोटं पाहिलीयेत मी—कुणाचा बुश झिजलेला, कुणाची तार केसासारखी, एकाला तर मी जळक्या वासावरूनच ओळखतो. म्हणून तर शेअर घ्यायचे ठरले तेव्हा गेंडाच घेतला, सगळेच्या सगळे गेंडा. जावईबापू बँकेत, ते म्हणाले, बाबा, दहा कंपन्यांत वाटून ठेवा, एक बुडाली तर बाकीच्या सावरतील. मी म्हटलं, वा! म्हणजे एक चांगली घ्यायची आणि वर नऊ ठिकाणचा कचरा, मला ठाऊक असलेला कचरा, तोही पैसे मोजून? 

सरका जरा, उजेड येऊ द्या. हा स्क्रू निघाला की—हे काय? बुश प्लास्टिकचा? आधी कुणी उघडला होता का हो? मग हा—बदलून दिलेला? कंपनीने, घरी येऊन? आणि त्याच्या आधीचाही? थांबा, थांबा. म्हणजे बिघडला की त्यांची गाडी यायची, जुना उचलायची, नवा ठेवून जायची, फुकट—आणि तुमच्या अख्ख्या इमारतीत हेच? म्हणजे बिघडत होते. बिघडतच होते, फक्त माझ्या टेबलावर येत नव्हते... आणि आता? गाडी येत नाही. फोन उचलत नाहीत. म्हणून तुम्ही इकडे आलात.

काही नाही, काही नाही, जरा घाम आलाय. भाव उतरतोय म्हणत होते परवा, तर मी खूशच झालो—चांगला माल स्वस्तात मिळतोय म्हणून! माझे बुडाले तर बुडू देत हो, मला काय, हात चालताहेत अजून. पण धाकट्या बहिणीचे आहेत त्यात. नर्स होती, नोकरी संपल्यावर मिळाले ते सगळे आणून दिले तिने—दादा, तुला कळतं, तूच बघ. एवढंच म्हणाली, निम्मे मात्र बँकेत राहू देत, खोली घ्यायचीय मला. आमच्याकडे बैठकीत झोपते ती, सगळे उठायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवते. खोली बघूनही ठेवलीय, पुढच्या महिन्यात पैसे द्यायचेत. रोज सांगते, खिडकी कुठल्या बाजूला आहे ते... तर ते निम्मे—परवा भाव उतरला ना—तेही मीच काढून गेंड्यात घातले. तिची सही लागत नाही, खातं दोघांच्या नावावर आहे. तिला वाटतंय, बँकेत आहेत.

असं बघू नका माझ्याकडे. चोर नाहीये मी. चांगलं सोडून वाईटात कशाला ठेवायचे, इतकंच होतं माझ्या मनात, शप्पथ!

अरे देवा, डबा घेऊन आलीच ती. घाला तो पिशवीत. घाला म्हणतो ना, स्क्रूसुद्धा घ्या, आणि गेंड्याचं नाव काढू नका तिच्यासमोर—ये गं, ये, बस. छे, गिऱ्हाईक कुठलं, पत्ता विचारायला आलेत. निघालेत ते. हो ना, निघालात ना तुम्ही?