थांबलेल्या सायकलवरून पडण्याबाबत

पुरवणी जबाब. नाव व पूर्ण पत्ता पहिल्या जबाबात आहे तोच. ओळखीचे सगळे 'पाना' म्हणतात. वय ६७ वर्षे. धंदा सायकल दुरुस्ती. राहणार जुन्या पुलाच्या उताराला, दुकानाच्याच मागच्या खोलीत.

मी आज सकाळी साडेदहा वाजता, कोणी न बोलावता, स्वतःच्या पायाने ठाण्यात आलो असून समोर बसून सांगतो ते असे की, एकोणीस दिवसांपूर्वी याच टेबलाशी मी एक जबाब दिला होता. कपडे धुलाईच्या गाडीने मागून धक्का दिला, त्यामुळे माझा मित्र सायकलवरून पडला व त्याचे खुब्याचे हाड मोडले, असे मी त्यात लिहून दिले होते. ते खोटे आहे. गाडीने धक्का दिलेला नाही. गाडी थांबलेली होती, मित्र थांबलेला होता, आम्ही सगळेच थांबलेलो होतो.

हवालदारांनी विचारले की मग पडला कसा. तेच सांगायला आलो आहे, पण ते एका वाक्यात बसत नाही, थोडे मागून यावे लागेल. हवालदारांनी मुद्द्याचे तेवढे बोलायला सांगितले. मी म्हणालो की मुद्द्याचेच बोलतो आहे, फक्त मुद्दा म्हातारा आहे, सावकाश येईल.

आम्ही पाच जण आहोत. गेली सोळा वर्षे रोज सकाळी सहाला माझ्या दुकानापासून निघतो, पाण्याच्या टाकीला वळसा घालतो आणि परत येतो. जाऊन येऊन बावीस किलोमीटर. पाचात मी सर्वांत लहान. जो पडला तो एकाहत्तरचा. शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला भूगोलच म्हणतो. दुसरा रेडिओ. तो वीजजोडणीची कामे करायचा. त्याला रेडिओ का म्हणतात ते आपण मागच्या वेळी ऐकलेच आहे. उरलेले दोघे सख्खे भाऊ, ते फारसे बोलत नाहीत.

आमचा एक नियम आहे. सिग्नलला पाय टेकवायचा नाही. लाल दिवा असला तरी सायकलवरच तोल सांभाळत राहायचे, हँडल जरा इकडे, जरा तिकडे, हिरवा होईपर्यंत. ज्याचा पाय जमिनीला लागला त्याने परत आल्यावर दुकानाच्या नळावर पाचही सायकली धुवायच्या. ऐकणाऱ्याला हा पोरकटपणा वाटेल, आणि तो आहेच. पण पन्नाशीनंतर माणसाला कोणी खेळायला बोलावत नाही, म्हणून आमचे आम्हीच हे काढले होते. भूगोल यात वस्ताद. सोळा वर्षांत त्याने सायकली दोनदाच धुतल्या, त्यातही एकदा अंगात ताप होता.

त्याची सायकल पहिल्यापासून माझ्या हाताखालची आहे. प्रत्येकाची सीट जिथे बसते तिथे मी दांड्यावर कानशीने खूण करून ठेवतो, म्हणजे सीट काढून परत बसवताना मोजत बसायला नको. भूगोलच्या दांड्यावर तीन खुणा आहेत. पहिली सोळा वर्षांपूर्वीची. चार वर्षांमागे तो म्हणाला, पेडल पुरत नाही, सीट वर सरकली वाटतं. सीट सरकली तर खाली सरकते, वर जायला तिला काय पंख आहेत, असे मी त्याला सुनावले आणि बोटभर खाली करून दिली. दोन वर्षांनी पुन्हा तेच. तेव्हा मी म्हणालो, अरे, तू आटायला लागलास, घरी धुऊन वाळत घालतात की काय तुला. तो हसला. मीही हसलो. टायर किती झिजले ते मला नुसता अंगठा लावून कळते, आणि इथे माणूस दोन बोटे कमी झाला, ते मी माझ्या हाताने दोनदा घासून नोंदवले, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला त्याच्या आधीच्या बुधवारी दुपारी तो एकटाच दुकानात आला. लेकीने त्याला धरून नेऊन हाडांची तपासणी करून आणली होती. हाडे ठिसूळ झाली आहेत, पाठीचे दोन मणके दबले आहेत, उंची त्यामुळेच गेली, असे निघाले. तो डॉक्टरीणबाईंशी हुज्जत घालून आला होता की असं कसं होईल, मी तर रोज बावीस किलोमीटर सायकल मारतो. त्या म्हणाल्या, सायकलने काळीज आणि दम चांगला राहतो, पण अंगाचा भार सीट पेलते, हाडांना काम पडत नाही, आणि हाड भारावर पोसतं. रोज चाला, जिने चढा, झेपेल ते वजन उचला, औषध चुकवू नका. सायकल सोडा असे त्या म्हणाल्या नाहीत. पडू मात्र नका म्हणाल्या. सीट खाली घ्या, बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत, आणि थांबायचं असेल तेव्हा आधी पाय टेकवा.

लेकीचे म्हणणे वेगळे होते. ती म्हणाली, सायकल आजच बंद. बाप-लेकीची चांगलीच जुंपली. शेवटी तोड निघाली ती अशी की चालवा, पण एकदा जरी आपणहून पडलात तर त्याच दिवशी सायकल घराबाहेर. भूगोलने शब्द दिला. माझ्या दुकानाच्या पाटीखाली मी हौसेने रंगवून ठेवले आहे, फिरत्या चाकाला गंज चढत नाही. ते वाचून तो म्हणाला की चाकापुरतं बरोबर आहे.

मग त्याने मला सीट खाली करायला आणि पेडलचे पट्टे काढायला सांगितले. पट्टे म्हणजे पाय पेडलवरून सुटू नये म्हणून बुटावरून आवळतात ते. कोणाला बोलू नकोस असेही म्हणाला. मी म्हणालो की इतकी खाली केली तर रेडिओ लांबूनच ओळखेल आणि महिनाभर वाजत बसेल. त्या रविवारी आमची वर्षातली मोठी फेरी होती, साठ किलोमीटरची. तेवढी होऊ दे, सोमवारी करून देतो, असे मी सांगितले. त्याने बरं म्हटले. काम दहा मिनिटांचे होते. त्या दुपारी दुकानात दुसरे एकही गिऱ्हाईक नव्हते.

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, परत येताना, टपाल कचेरीच्या चौकात लाल दिवा लागला. पुढे रेडिओ, मग दोघे भाऊ, मग भूगोल, आणि त्याच्या डाव्या हाताला मी. मागे धुलाईची पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यात आणि आमच्यात दोन सायकली आडव्या राहतील इतकी जागा होती. हे मी नीट बघितले आहे. तो दिवा मोठा आहे, दीड मिनिटाचा. मिनिटभराने भूगोलचे हँडल थरथरू लागले. त्याने वाकून उजव्या पायाचा पट्टा सैल केला आणि पाय बाहेर काढला. तो टेकवणार होता. बूट आणि रस्ता यांत वीतभर अंतर राहिले होते.

मी म्हणालो, "टेकवू नकोस."

गमतीने म्हणालो. मला सगळे माहीत होते आणि तरी म्हणालो. सोळा वर्षांची जिभेची सवय, दुसरे काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि पाय परत पेडलवर घेतला. तोवर तोल गेलेला होता. डावा पाय पट्ट्यात अडकलेला होता. तो उजव्या अंगावर, होता तिथेच, आडवा झाला. फार आवाज झाला नाही. चार वर्षांचे पोर असे पडले असते तर उठून गुडघा झटकून पळाले असते.

सर्वांत आधी पोचला तो त्या गाडीचा ड्रायव्हर. आम्ही चौघे आपापले पट्टे सोडवत होतो. त्याने भूगोलचा अडकलेला पाय सोडवला, कोणी उचलू नका म्हणाला, गाडीतून दोन धुतलेल्या चादरी आणल्या, एक डोक्याखाली घातली, एक अंगावर. रुग्णवाहिकेला फोन त्यानेच केला. ती येईपर्यंत तो रस्त्यावर बसून होता आणि भूगोलशी बोलत होता, झोपू नका काका, झालंच आता.

भूगोलने माझे मनगट धरून एवढेच सांगितले की लेकीला कळू देऊ नका.

पाऊण तासाने लेक दवाखान्यात धावत आली. तिने कसे पडले असे विचारले नाही. कोणी पाडलं, असे विचारले. रेडिओ म्हणाला, धुलाईच्या गाडीने. दोघे भाऊ खाली बघत राहिले. लेकीने माझ्याकडे पाहिले. फ्रॉक घालायची तेव्हापासून ती माझ्याकडे पंक्चर काढायला यायची, आणि मी तिला कधी थाप मारलेली नव्हती. मी मान हलवली. दुपारी ती आम्हाला घेऊन ठाण्यात आली, तेव्हा आम्ही चौघांनी तेच लिहून दिले.

रेडिओ खोटे बोलला ते भूगोलची सायकल वाचावी म्हणून. मी का बोललो ते मला ठाऊक आहे आणि तेही लिहून घ्यावे. गाडीने पाडले असे ठरले की मग मी पाडलेले नाही.

परवा दुपारी एक माणूस जुनी सायकल ढकलत दुकानात आला. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून अखंड झालेली. मी आधी सायकल बघतो, मग माणूस. वर बघितले तर तोच ड्रायव्हर. त्याने मला आधीच ओळखले होते. लायसन जमा आहे, मालकाने घरी बसवले आहे, गावाबाहेरच्या गोदामात पोती उचलायचे काम मिळाले आहे, तिकडे पहाटे बस नसते, म्हणून माळ्यावरची सायकल काढली, असे त्याने सांगितले. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. मी चेन बदलली, ट्यूब घातल्या, ब्रेकचे रबर नवे लावले. त्याने ब्रेक दोनदा दाबून पाहिले आणि विचारले, "त्या काकांचं हाड जुळलं का?"

मी म्हणालो, जुळतंय. तो बरं झालं म्हणाला आणि निघाला. रस्त्याला लागण्याआधी तो थांबला, पाय टेकवला, मागे वळून गाडी येत नाही ना ते पाहिले आणि मग गेला. मी त्या दिवशी नंतर दुकान बंद ठेवले.

काल संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. भूगोलच्या मांडीत वरपर्यंत सळई घातली आहे. वॉकर धरून खिडकीपर्यंत जातो आणि खालून जाणाऱ्या सायकली मोजतो. मी त्याला ड्रायव्हरचे सगळे सांगितले. तो वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "गाडीने पाडलं असेल तर मी परत सायकलवर बसेन, पाना. आपणहून पडलो असेन तर संपलं."

मी म्हणालो, हो.

थोड्या वेळाने तो म्हणाला की उद्या सकाळी जा आणि सांगून ये, लेकीशी मी बोलतो. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्याने परत हाक मारली. "तू काय बोललास ते सांगायची गरज नाही. मला ते ऐकूच आलं नव्हतं."

त्याला ऐकू आले होते. त्याने पाय परत घेतला होता.

आज सकाळी इकडे येण्याआधी मी त्याच्या सायकलची सीट खाली केली, पट्टे काढले आणि दांड्यावर चौथी खूण केली. आता ती कोणासाठी, हे मला विचारू नये. दहाच मिनिटे लागली.

खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी, माझी तक्रार नाही. रेडिओ आणि दोघा भावांना मी इथे येत असल्याचे सांगितले आहे. भाऊ दुपारी येतो म्हणाले, रेडिओ काही बोलला नाही. ड्रायव्हरचे लायसन त्याला लवकर परत मिळावे, कारण त्या गोदामाच्या रस्त्याला दिवे नाहीत.

हवालदारांनी हे सर्व पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवले. चौकातल्या ओळीपाशी ते थांबले आणि म्हणाले, काका, गाडी थांबलेली होती एवढं केसला पुरे आहे, हे दोन शब्द कशाला, खोडून टाकू का. मी नको म्हणालो आणि ते दोन शब्द पुन्हा एकदा वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. मी म्हणालो होतो तसेच लिहिले आहेत. बरोबर आहे. खाली सही करतो.