बावीस वर्षांची उंची

…आणि तो कागद यंदाच घरी यायचा होता! दरवर्षी आरोग्य तपासणीचा निकाल कारखान्यात येतो, मी न वाचता कपाटात कोंबतो, तब्येत ठणठणीत! यंदा आला घरच्या पत्त्यावर. फोडला कुणी? युन-सुकनं, म्हणजे आमच्या बायकोनं. तिनं आधीच बजावलेलं, "बीएमआय पंचविसावर गेला की शनिवारचं भाजलेलं पोर्क बंद, सोजूची दारू बंद!" तुम्हाला सांगतो, आमच्या कोरियातल्या देगूत माणूस आठवडाभर राबतो कशासाठी? शनिवारसाठी!

आता हा आकडा काढायचा कसा? सोप्पं आहे हो. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा, आणि किलोतल्या वजनाला त्यानं भागा. वजन बहात्तर. ते खरंच आहे, पोट समोर दिसतंय, लपवू कुठं? पण उंची? कागदावर एक मीटर अडुसष्ट! भागाकार साडेपंचवीस! लठ्ठ!

आणि लग्नात सांगितलेली उंची किती? एकशे त्र्याहत्तर!

मी नाही हो, त्या स्थळं जमवणाऱ्या, ओ आडनावाच्या बाई… "अडुसष्ट? अरे, अडुसष्टाला मुलगी कोण देतं? बुटात जाड सोल घाल, त्र्याहत्तर लिही!" लिहिलं. बावीस वर्षं बाहेर त्या जाड सोलवर फिरलो, घरात बूट काढले की पटकन जमिनीवर बसलो. बसलेल्याची उंची कोण मोजतंय? पण त्या हिशेबाचा दुष्टपणा बघा… मी खोटं एकदाच बोललो, तिथं ते स्वतःलाच गुणलं जातं!

बायको कागद वाचत म्हणाली, "अहो, उंची अडुसष्ट लिहिलीय." आता? खरं सांगावं तर लठ्ठ, वर लबाड! मी छाती काढली. "एकशे त्र्याहत्तर! तूच करून बघ!" तिनं केलं. चोवीस! वाचलो!

…तर बायको पांढरीफटक. "यंत्र कसं चुकेल? अहो, पाच सेंटिमीटर कमी झालात! हाडं झिजली तुमची!" आणि डोळ्यांत पाणी! माझा हात घट्ट धरून बसली. लाज वाटली हो, खरंच वाटली. तोंड उघडलं, सांगणारच होतो… तेवढ्यात तिनं आईला फोन लावला. "आई, यांची हाडं विरघळतायत!" आता सासूबाईंसमोर सांगू?

तेव्हापासून दोन्ही वेळा काट्यांसकट सुकी मासळी, वर पेलाभर दूध. पोर्क? "हाडांना बाधेल!" सोजू? "नाव काढू नका!" दर रविवारी भिंतीला उभा करून डोक्यावर पेन्सिलीची रेघ. परवा मी जरा टाचा उचलल्या… सवय हो! तर टाळ्या पिटत नाचली, "अर्धा सेंटिमीटर वाढलात! आता साडेचारच राहिलेत!"

मी मासळीसाठी वाटी पुढं केली.